भामाच्या टिकलीचं माप

भामाची टिकली पडली ती ऐन साखरपुड्यात, आणि पडली तीही मनस्वीच्या ओटीच्या ताटात. पांढऱ्या तांदळावर लालभडक, जुन्या चार आण्याएवढी.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. गव्हाणला हरेशच्या अंगणात पत्र्याखाली दोनशे माणसं बसली होती, पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते आणि भामा सकाळपासून गात होती. मनस्वी तिच्या धाकट्या भावाची, हरेशची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच भामानं सांगून ठेवलं होतं, "हिच्या हलदीला धवले मीच बोलनार." तिचा तो हक्कच होता. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून; त्याच्या आधी येते ती धवलारीण. मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मेढ, रोवण्यापासून नवरीला हळद लागेपर्यंत प्रत्येक कामाचं तिचं गाणं असतं आणि ते झाल्याशिवाय काम झालं असं कोणी धरत नाही. आसपासच्या गावांत आता अशा तीन-चारच बायका उरल्या होत्या. त्यांत बावन्न वर्षांच्या भामाचा गळा सगळ्यांत मोकळा.

टिकली पडली आणि तिच्या खालचं दिसलं. दोन भुवयांच्या बरोबर मधे एक पांढरा गोल. इतका रेखीव, की कोणीतरी चुन्यात बोट बुडवून नेम धरून टेकवलं असावं.

भामाचं गाणं थांबलं नाही. समोरच्या बायकांचे चेहरे मात्र एकामागून एक थांबत गेले, ते तिला गाता गाता दिसत होते. काय पडलं आणि काय उघडं पडलं, हे तिला त्या चेहऱ्यांवरून कळलं. तिनं कडवं पुरं केलं, पदर पुढे ओढला आणि ती मागच्या दारी निघून गेली.

तिथे तिला आतलं बोलणं ऐकू आलं. नवरा मुलगा हृतिक पळस्प्याचा. त्याची थोरली काकी ठमाबाय घरातली मोठी, तिचा शब्द तिकडे चालायचा.

"कोड हाय तिच्या कपालावर," ठमाकाकी म्हणाली. "नवरीच्या हलदीला असली बाई नको. दुसरी बघा. नायतर मोबाईलवर धवले लावा, आजकाल सगले लावतात."

आता हरेश काहीतरी म्हणेल म्हणून भामा वाट बघत राहिली.

"बघू," हरेश म्हणाला.

लग्न वैशाखात होतं. मधे साडेसहा महिने होते आणि त्या एका 'बघू'वर भामाचं सगळं टांगलेलं होतं.

हा पांढरा गोल अडीच वर्षांपूर्वीचा. तेव्हा भामा मसुराच्या डाळीएवढी टिकली लावायची. आधी तिथे खाज आली, मग लाली, आणि लाली गेली तिथे रंगच उरला नाही. एवढंसं तर आहे, म्हणून तिनं पनवेलला जाऊन थोडी मोठी टिकली आणली. पाच-सहा महिन्यांत पांढरं त्या टिकलीच्याही कडेनं डोकावू लागलं. मग आणखी मोठी. मग त्याहून मोठी. चार मापं झाली. भामा आरशासमोर उभी राहून टिकली बसवायची तेव्हा तिला वाटायचं, आपण पुढे पळतोय आणि ते मागून चालत येतंय, पण अंतर काही वाढत नाही.

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगण्याऐवजी तिनं मासळी सोडली. मासळीवर दूध प्यालं की अंगावर पांढरं उठतं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं, आणि आपण हे कधी केलं ते आठवेना म्हणून दोन्ही सोडलेलं बरं असा तिनं हिशेब केला. मग दहीही सोडलं, मीठही कमी केलं. आगऱ्याच्या घरात दीड वर्ष मासळी न खाणारी बाई म्हणजे नवलच. सून समीक्षा मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, "आमच्या आई फार उपास करतात." नवरा महादेव मात्र तिच्या ताटाकडे बघून म्हणायचा, "देव पन कंटाळला असंल आता."

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी समीक्षानं भामाच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं. समीक्षा पनवेल शहरात वाढलेली. एखादी गोष्ट करायची ठरवली की चप्पल आधी पायात घालणारी.

"आई, साडी बदला. टपाल नाक्याजवळ स्किनच्या डॉक्टर आहेत. मी नंबर लावलाय."

"कोडाला काय डॉक्टर करनार?"

"ते डॉक्टरला सांगू दे ना. तुम्ही आधीच कशाला सांगता?"

दवाखान्यात टेबलामागे प्रणित नावाचा तिशीतला माणूस नावं लिहून घेत होता. त्याच्या दोन्ही हातांवर, डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना पांढरं होतं; उजवीकडे जसं, अगदी तसंच डावीकडे. भामा त्याच्याकडे बघत राहिली आणि आपण बघतोय हे लक्षात येताच तिनं नजर फिरवली.

"बघा मावशी, फुकट आहे," प्रणित म्हणाला. "नाव काय लिहू?"

आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. टिकलीचा सगळा इतिहास त्यांनी ऐकून घेतला.

"खाज सुटली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"मोठी टिकली लावली."

"आणि ती पुरेना तेव्हा?"

"आनकी मोठी."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. समीक्षाला हसू आलं, ते तिनं ओढणीत लपवलं.

डॉक्टरांनी कापसाचं टोक कपाळावर फिरवून विचारलं, कळतंय का. कळत होतं. मग त्यांनी खोलीतले दिवे मालवले आणि जांभळ्या उजेडाचा एक लहान दिवा भामाच्या तोंडाजवळ धरला. समोरच्या आरशात भामाला स्वतःचं कपाळ दिसलं. बाकी सगळा चेहरा अंधारात आणि मधे तो गोल, दुधासारखा चमकत. भीती वाटायच्या आधी तिला ते क्षणभर सुंदर वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला.

"कडा किती स्वच्छ आहेत बघा," डॉक्टर जणू स्वतःशीच म्हणाल्या. "टिकलीच्या पलीकडे काही नाही." त्यांचा आवाज जरा चढला होता. दिवा गळ्यावर, कोपरांवर, बोटांवर फिरला आणि डाव्या मनगटाशी थांबला. बांगड्यांच्या वर, आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथे, दुसरा गोल चमकत होता. कपाळावरच्याहून लहान.

"हा कधीचा?"

भामालाही तो नीट माहीत नव्हता. बांगडीचा घट्टा असेल म्हणून तिनं सोडून दिला होता.

"इथे काही बांधता? घड्याळ, गंडा, रबर?"

"नाय."

डॉक्टरांनी दिवे लावले. त्यांचा मघाचा उत्साह ओसरलेला भामाला दिसला.

"मला वाटलं होतं, टिकलीचा गोंद. काही गोंदांत असं रसायन असतं की ते कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. सगळ्यांच्या नाही. शंभर बायकांनी तीच टिकली लावली तर एखादीच्या. पण मनगटावर कोणी टिकली लावत नाही. दूरच्या जागी दुसरा डाग म्हणजे मग आतूनही सुरू झालेलं असू शकतं."

"आतून म्हंजे?"

फाइल द्यायला आलेला प्रणित दारातच थांबला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, जणू हे तूच सांग.

"म्हणजे माझ्यासारखं," तो म्हणाला. "आपल्या अंगात राखणदार असतात मावशी, बाहेरून रोग आला की त्याला मारायला. माझ्या राखणदारांनी घरच्याच माणसांना चोर समजून मारलं. रंगाच्या पेशी मेल्या की तिथे पांढरं. आधी बोटाच्या टोकाला आलं, मी कॉलेजात होतो. मग दुसऱ्या हाताला. दोन वर्षं भराभरा पसरलं, मग पाच वर्षं गप्प. आता औषधानं तोंडावरचं बरंच भरलंय. हाताचं नाही भरत, हट्टी आहे."

"काहींच्या घराण्यात असतं, काहींच्या नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांना आतून असतं त्यांना कधी खरचटलं, भाजलं, तरी त्या जागी नवा डाग उठतो. म्हणून घासायचं नाही, जाळायचं नाही, कोणी सांगितलेला लेप लावायचा नाही. शिवल्यानं होत नाही. कोणाच्या पापानं होत नाही. मासळीनंही होत नाही."

भामाची मान वर झाली. "मासलीनं नाय?"

"नाही."

"वर दूध प्यालं तरी?"

"तरी."

समीक्षा हळूच तिच्या कानाशी आली. "आई, म्हणजे तुमचे ते उपास..."

"गप बस," भामा म्हणाली.

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं, टिकली बंद, कपाळावर काहीही नको. दोन महिने वाट बघू. तेवढ्यात दुसरीकडे कुठे नवीन डाग आला तर आतून आहे असं समजून तसा उपाय करू, त्यालाही उपाय आहेत. नाही आला तर पुन्हा बोलू.

"वैशाखापर्यंत जाईल काय?"

"वचन देणार नाही. आणि मधे एक दिवसही टिकली लावायची नाही."

नवरा जिवंत असलेली बाई मोकळ्या कपाळानं गावात फिरू लागली. पहिल्या दिवशी पाण्याच्या नळावर बोलणं थांबलं, दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तिसऱ्या दिवशी महादेव नाक्यावरून हसत घरी आला.

"लोक माज्याकडं टकामका बघतात. एकानं तर इचारलं, बरा हाय नं तू?"

"मग काय बोललात?"

"बोललो, बायकोला इचारून सांगतो."

भामाही हसली, पण घरातल्या घरात तिचा हात दिवसातून दहादा कपाळाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. ती रोज सकाळी बांगड्या मागे सारून मनगट बघायची. मग दुसरं मनगट, कोपर, गुडघे. नवीन काही नव्हतं. पण जे होतं त्याचंच उत्तर नव्हतं. कपाळाचं एक वेळ टिकलीवर ढकलता येत होतं. मनगटाचं कशावर ढकलायचं?

अठराव्या दिवशी दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, भामा ओटीवर चटईवर कलंडली. वरून विमान गेलं, घराच्या काचा थरथरल्या. डोळे मिटता मिटता तिचा उजवा हात उठला, नखानं कपाळ खरवडल्यासारखं केलं, आणि मग तिच्या अंगठ्यानं डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी नीट दाबून बसवलं.

भामा उठून बसली.

कपाळावर टिकली नव्हती. बोटात टिकली नव्हती. तरी हातानं ती काढली होती आणि जागेवर ठेवली होती.

तिला एकदम सगळं दिसलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं बजावलं होतं, कोणाला तुझं मोकळं कपाळ दिसता कामा नये. झोपेत टिकली उशीला लागून हरवते, म्हणून आडवं होताना ती काढून मनगटावर चिकटवायची, म्हणजे कोणी हाक मारली की उठता उठता परत कपाळावर. दुपारचे दोन-दोन तास. आंघोळीला जातानाही तेच. तीस वर्षं. इतकी वर्षं की डॉक्टरांनी 'मनगटाला काही बांधता का' विचारलं तेव्हा तिला हे आठवलंच नाही, कारण ती ते कधी करतच नव्हती. हातच करत होता.

तिनं धावत जाऊन डबा काढला. टिकल्यांची जुनी पाकिटं तिनं टाकली नव्हती. आधीच्या मापाचं पाकीट काढून, गोंदाकडची बाजू वर करून, तिनं एक टिकली मनगटावरच्या पांढऱ्यावर ठेवली. गोल गोलावर बसला. कुठेही केसभर कमी नाही, जास्त नाही.

"अवो," तिनं आतल्या खोलीत झोपलेल्या महादेवाला हलवलं. "गाडी काढा."

"आग लागली काय?"

"लागली. पनवेलला चला."

स्कूटरवर ती मागे बसून सारखं बोलत होती आणि वाऱ्यात महादेवाला त्यातला निम्मा शब्दही कळत नव्हता. तो प्रत्येक सिग्नलला "हां, हां" म्हणत होता. दवाखान्याआधी तिनं गाडी बाजारात बद्रुद्दीनच्या दुकानासमोर थांबवायला लावली. बांगड्या, रिबिनी, टिकल्या. भामा लग्नाच्या आधीपासून इथेच येत होती. डॉक्टर विचारतील, कोणतं माप कधी, आणि ते बद्रुद्दीनला माहीत असेल, असं तिला वाटलं.

माहीत होतं. त्याला सगळ्या गिऱ्हाइकांची मापं पाठ होती.

"भामाबाई, तुम्ही मसुरवाली सोडली ती आमच्या सायमाच्या निकाहच्या साली," तो बोटांवर मोजत म्हणाला. "पुढच्या रमझानला मोठी नेलीत. बकरी ईदला आणखी मोठी. गेल्या गणपतीला ही, चार आणेवाली. मी घरी बोललोसुद्धा, भामाबाईंची टिकली चांदासारखी वाढतेय, अमावस्या काही येत नाही."

भामानं पदर मागे सारला आणि त्याला कपाळ दाखवलं. मग मनगट. मग काय झालं ते सांगितलं. बद्रुद्दीनचा हात टिकल्यांच्या खणावर होता, तो त्यानं मागे घेतला.

"या अल्लाह. मीच विकल्या."

"तुमी इकल्या, मी चिकटवल्या. तुमाला काय सपान पडलं होतं?"

त्यानं टिकल्यांचा खण आत सरकवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मापं वाढवणाऱ्या आणखी दोघी आहेत. आता आल्या की विचारतो. नाराज झाल्या तर झाल्या."

दवाखान्यात नंबर नव्हता. प्रणितनं तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत सोडलं. डॉक्टरांनी मनगटावर ठेवलेली टिकली बघितली, बाजूला केली, पुन्हा ठेवून बघितली आणि चक्क टाळी वाजवली.

"हे मला कोणत्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मी घड्याळ विचारलं, गंडा विचारला. हे नाही सुचलं."

"म्हंजे आतून नाय?"

"आज तरी तसं दिसत नाही. दोन्ही जागा गोंदाच्याच. लक्ष मात्र ठेवायचं. गोंदानं सुरू झालेलं क्वचित पुढे आतून चालू लागतं. पण आता माझ्याकडे आशा धरायला जागा आहे."

बाहेर प्रणित उभा होता. "मावशी, सुटलात," तो म्हणाला. त्यात हेवा नव्हता. तरी भामाचा आनंद एका पायरीवर अडखळला. आपण सुटलो म्हणून एवढ्या नाचतोय, आणि हा? ह्याच्या लग्नात कोणी म्हणालं असेल का, नवऱ्यालाच मांडवातून हलवा म्हणून?

"तुमचं लगीन झालं?" तिनं विचारलं.

"झालं की. मुलगी आहे, तीन वर्षांची. माझ्या हातावरच्या पांढऱ्यात तिला ससा दिसतो."

त्या दिवशी परत येताना भामानं मासळी बाजारात जिताडं घेतलं, मधला तुकडा. घरी चुलीवर कालवणाला उकळी आली तेव्हा महादेव तीनदा आत डोकावून गेला. पहिला घास तिनं तोंडात घातला आणि तो गिळायच्या आत दुसरा कालवला. समीक्षानं ताटाच्या कडेला मुद्दाम दुधाचा पेला आणून ठेवला.

"घ्या आई. डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"चावट हायस," भामा म्हणाली, आणि ती ते दूधही प्याली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवांत तिनं कपाळाला कुंकू लावून घेतलं नाही. "हातावर दे," म्हणायची. काही बायका द्यायच्या, काही नुसतंच वाण द्यायच्या. ती रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच ऊन कपाळावर घ्यायची, मलम लावायची, आणि आरशात पांढरं तसंच्या तसं.

शिमग्याच्या चार दिवस आधी सकाळच्या उन्हात तिला पांढऱ्या गोलात घाण दिसली. ओल्या फडक्यानं पुसली, गेली नाही. आरसा तिरका धरून बघितलं. मोहरीच्या दाण्याएवढा एक तपकिरी ठिपका. शेजारी दुसरा, त्याहून बारीक. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक लव होती, इतकी कोवळी की उन्हातच दिसावी.

"समीक्षा," तिनं हाक मारली, आणि आवाज असा फुटला की सून पिठाच्या हातानं धावत आली. दोघी आरशापुढे डोक्याला डोकं लावून उभ्या राहिल्या.

"रंग केसांच्या मुळाशी लपून बसतो म्हणाल्या होत्या डॉक्टर," समीक्षा म्हणाली. "तिथूनच बाहेर येतो."

भामा रोज मोजू लागली. सात. अकरा. वैशाख उजाडला तेव्हा सतरा ठिपके झाले होते आणि काही एकमेकांत मिसळले होते. मनगटावर तर निम्मं भरलं. पण कपाळ लांबून अजून पांढरंच दिसत होतं, उलट आता पांढऱ्यात डाग असल्यासारखं. हरेशनं तिला मेढीच्या दिवशी बोलावलं, चौक काढायला बोलावलं. हळदीचं मात्र तो "बघू"च म्हणत राहिला.

हळदीच्या दिवशी सकाळी पळस्प्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन बायका आल्या. पुढे ठमाकाकी, हातात ताट. मनस्वी पाटावर बसली होती, पिवळी साडी, केस मोकळे. भामा तिच्या उजव्या हाताला उभी राहिली, जिथे धवलारीण उभी राहते तिथे.

ठमाकाकीनं ताट खाली ठेवलं नाही.

"मी काय वाईट नाय," ती म्हणाली. "धवले तूच बोल. तुज्यासारखा गला कोनाचा नाय, मना मान्य हाय. पन कपाल झाक. ही घे." तिनं ताटातून टिकल्यांचं नवीन पाकीट पुढे केलं. मोठ्या मापाचं, तिनं आठवणीनं मोठं आणलं होतं.

"ताय," हरेश मागून म्हणाला, "एका दिसाची गोष्ट हाय. लाव नं."

भामानं पाकीट हातात घेतलं. एक दिवस. दुपारपर्यंत लावायची आणि काढून टाकायची. पंचवीस वर्षं ती ज्या हळदीची वाट बघत होती ती समोर पाटावर बसली होती. तिनं पाकीट उलटं केलं. टिकल्यांच्या मागचा गोंद कागदातून चमकत होता. सतरा ठिपके, ती मनात म्हणाली.

"नाय लावनार."

मांडवात कोणीतरी मोबाईलवरचा बँजो बंद केला.

भामानं बांगड्या मागे सारल्या आणि डावं मनगट ठमाकाकीपुढे धरलं. "हे बघ. कपालावर हाय तसंच हितं. आंगोलीला जाताना, दुपारी आडवं होताना टिकली काडून कुठं लावतो आपन?"

मांडवातल्या सात-आठ जणींची नजर आपापल्या मनगटाकडे गेली, ते भामाला दिसलं.

"टिकलीच्या गोंदानं झालंय. मी ते झाकायला आनकी टिकली लावली, तसं ते वाढलं. आता भरतंय, जवल येऊन बघ. आन समज, गोंदानं नसतं झालं, माज्या अंगातूनच आलं असतं. दवाखान्यात एक पोरगा हाय, त्याचं अंगातून आलंय. त्याची पोरगी त्याच्या हातावर ससा बघते. मग मी काय कपालानं गाते काय? गल्यानं गाते."

ठमाकाकी ताट धरून उभीच. तेवढ्यात पाटावरून मनस्वी म्हणाली,

"काकी, माझ्या पायाला मुंग्या आल्यात. आत्या गाईल तेव्हाच मी हळद लावून घेणार. मोबाईलवर धवले लावायचे असतील तर नवरीपण मोबाईलवरच बघा."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. हरेश दोन पावलं पुढे आला. त्यानं ठमाकाकीच्या हातातलं ताट घेतलं आणि भामाच्या पुढ्यात ठेवलं.

"बोल ताय," तो म्हणाला.

भामानं गळा साफ केला नाही, तिला लागत नसे. तिनं पहिला सूर लावला आणि मांडव शांत झाला. मागच्या बायकांनी ओळ उचलली. पहिलं बोट हळदीत बुडालं, मनस्वीच्या पायाला लागलं, गुडघ्याला, खांद्याला. गाणं वर चढत गेलं, पत्र्यावरून घरंगळत अंगणाबाहेर गेलं. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून आत बघू लागले.

ठमाकाकी बाजूच्या खुर्चीवर तोंड फिरवून बसली होती. तिसऱ्या धवल्याला ती मान हलवू लागली. चौथ्याला तिच्या ओठांवर शब्द आले. घामानं तिच्या टिकलीखाली चुरचुरत असावं. तिनं एकदा कपाळ खाजवलं, परत खाजवलं, मग नखानं टिकली उचलली. खाली कातडी लाल झाली होती आणि लालीच्या आत, मसुराएवढं, काहीतरी फिकट होतं.

गाता गाता भामा बघत होती. ठमाकाकीचा अंगठा, तिला न विचारताच, टिकली घेऊन डाव्या मनगटाकडे गेला आणि तिथे ती नीट दाबून बसवली.

भामा गाणं न थांबवता तिच्याजवळ गेली, तिचा हात हातात घेतला, मनगटावरची टिकली सोलून काढली आणि मांडवाच्या मेढीला चिकटवली.

ठमाकाकीनं मेढीवरच्या टिकलीकडे बघितलं. मग भामाच्या कपाळाकडे, जवळून, बराच वेळ. पाचवा धवला तिनं भामाच्या बरोबरीनं म्हटला, मोकळ्या कपाळानं.